सेराफिना कशासाठी रडत होती

१

ब्रिजितबाय परेरा वारली, आणि सातव्या दिवशी गावठाणातल्या चार शहाण्यांसमोर तिची ट्रंक उघडली, तेव्हा तिचं मृत्युपत्र त्यात नव्हतं.

मी तिथंच उभी होते. फादरांनी खिशातून चावी काढली, तिचा मुलगा इसिडोर याने कुलूप उघडलं, आणि एकेक वस्तू बाहेर आली. नवऱ्याचा कोट, दोन जरीची लुगडी, लग्नातला फोटो, डांबराच्या गोळ्या. शेवटी पत्र्याचा तळ दिसला. इसिडोरने हात झटकले आणि अगदी अदबीने मला म्हणाला, "वकीलबाई, आईने विचार बदलला असणार."

मी वसुधा कोठारे. अंधेरी स्टेशनाजवळ एका वाण्याच्या दुकानावर माझी वकिलीची खोली होती. ही गोष्ट १९५५ सालातली. तेव्हा पक्षकार वर यायचे, माझ्याकडे बघायचे आणि विचारायचे, वकीलसाहेब कधी येतील? मी म्हणायचे, आलेत, बसा. ब्रिजितबायने मात्र तसं काही विचारलं नव्हतं. मरोळच्या वाटेवरच्या गावठाणातून ती भर उन्हात चालत आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मी मेले की माज्या सेराफिनाचं काय?"

सेराफिना तिची मुलगी. वय तिशीचं. तिला वाचता येत नाही, पैसे मोजता येत नाहीत, अनोळखी माणूस दिसला की ती दाराआड जाते. पण ती कोंबड्या सांभाळते, विहिरीचं पाणी भरते, तुळयांवरची जळमटं काढते आणि संध्याकाळी न चुकता प्रार्थनेला बसते. गाव तिला वेडी म्हणतं. मला तो शब्द ऐकला की आजही तिडीक येते, कारण तो शब्द एकदा चिकटवला की त्या माणसाचं पुढचं बोलणं ऐकायची कुणाला गरजच वाटत नाही.

आम्ही मृत्युपत्रातून एक ट्रस्ट केला. घर आणि परस सेराफिनासाठी राखून ठेवायचं. ती जिवंत आहे तोवर ते विकता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही, आणि तिला तिच्या मर्जीविरुद्ध तिथून हलवता येणार नाही. तिच्या माघारी सगळं इसिडोरच्या मुलांना. देखरेखीला दोन विश्वस्त, मी आणि ब्रिजितबायचा पुतण्या रोनाल्ड. म्हणजे मुलाच्या तोंडचा घास कुणी काढला नव्हता, त्याला फक्त थांबायला सांगितलं होतं.

मूळ कागद माझ्या तिजोरीत ठेवा, असं मी परोपरीने सांगितलं. ब्रिजितबायने ऐकलं नाही. "कागद तिचा, तो तिच्याच घरात राहील," म्हणाली. घरी जाऊन तिने कागदाची घडी फडक्यात गुंडाळली आणि त्यावर सेराफिनाची पांढऱ्या मण्यांची रोझरीची माळ वेढली. त्या माळेचीही एक कथा होती. सेराफिना लहान असताना तेव्हाचे फादर म्हणाले होते, हिला काही समजत नाही, हिला फर्स्ट कम्युनियन कशाला? ब्रिजितबाय मुलीला घेऊन रविवारमागून रविवार देवळाच्या पायरीवर बसली. शेवटी फादरांनाच लाज वाटली आणि त्यांनी तिला पहिला प्रसाद, म्हणजे कम्युनियन, दिलं. त्या दिवशी हातात दिलेली, मंतरलेली ही माळ. रोज संध्याकाळी सेराफिना आईकडून चावी घेऊन ट्रंकेतून पुडकं काढायची, माळ सोडवायची, प्रार्थना म्हणायची आणि पुन्हा तशीच वेढून ठेवायची. साऱ्या गावाला ते ठाऊक होतं.

आणि आता पुडकंही नव्हतं आणि माळही नव्हती.

२

इसिडोरचे वकील श्यामसुंदर राजाध्यक्ष मला कोर्टाच्या व्हरांड्यात भेटले. माणूस हुशार, आणि आपण हुशार आहोत हे क्षणभरही न विसरणारा. त्यांनी मला चहा पाजला आणि माझा खटला कसा बुडाला आहे ते समजावून सांगितलं.

कायदा असा होता. मूळ मृत्युपत्र मरणाऱ्याच्याच ताब्यात होतं आणि मरणानंतर ते सापडलं नाही, तर त्यानेच ते फाडून टाकलं असं कोर्ट धरून चालतं. पण ते मृत्यूनंतर हरवलं किंवा चोरीला गेलं असं सिद्ध झालं, तर नकलेवरही प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, मिळतं. नक्कल माझ्याकडे होती. सहीचे दोन्ही साक्षीदार हिंडतेफिरते होते. प्रश्न एकच उरला होता. कागद ब्रिजितबाय जिवंत असताना गेला की मेल्यावर?

राजाध्यक्षांनी इसिडोरचं प्रतिज्ञापत्र पुढे सरकवलं. ट्रंकेची चावी आईच्या गळ्यात होती. आई पहाटे गेली. शवपेटीत ठेवताना रोनाल्डने सगळ्यांसमोर गळ्यातला दोरा कापून चावी फादरांच्या हातात दिली. सातव्या दिवसापर्यंत ती फादरांकडेच होती. म्हणजे मृत्यूनंतर ट्रंक उघडलीच गेली नाही. म्हणजे कागद आधीच गेला होता.

पुढचं त्यांनी न विचारताच सांगितलं. मृत्युपत्र नाही म्हटल्यावर अर्धं घर मुलाचं, अर्धं मुलीचं. मुलीला कळत नाही, म्हणून तिच्या अर्ध्याचा कारभार भाऊ पाहणार. जागेला कारखानेवाल्याचं गिऱ्हाईक तयारच होतं. सेराफिनाला नाशिककडच्या कुठल्याशा आश्रमात ठेवायचं ठरलं होतं.

"तिथं तिची चांगली सोय होईल. तिला कुठं काय फरक कळतोय?" राजाध्यक्ष म्हणाले.

चहा अर्धा टाकून मी उठले. ज्या बाईने पोरीसाठी देवळाची पायरी सोडली नाही, तिने हा कागद फाडला असेल, हे मी मरेपर्यंत मान्य करणार नव्हते. पण माझ्या मान्य न करण्याला कोर्टात काडीची किंमत नव्हती.

३

पहिला संशय मला रोनाल्डचा आला. चावी त्याने काढली होती. शिवाय विश्वस्त व्हायला तो कधीच राजी नव्हता.

रोनाल्ड सुतार. ब्रिजितबायची शवपेटी त्यानेच केली होती. मी गेले तेव्हा तो खिडकीची चौकट रंधत होता आणि त्याने रंधा थांबवला नाही. मी चावीचं विचारल्यावर मात्र थांबला. म्हणाला, त्याने दोरा कापला तेव्हा अख्खं गाव बघत होतं, आणि चावी त्याच्या मुठीत राहिली ती फादर दोन पावलं पुढे येईपर्यंत. मग स्वतःच चिडून म्हणाला, "काकीला मी सांगितलेलं, मला यात घालू नको. मला विंग्रजी येत नाय. उद्या तू मला कोर्टात हुबा करशील, तो काळ्या कोटवाला मला माकड करील. पण म्हनून मी काकीचा कागद चोरीन?"

त्याचं खरं होतं. विश्वस्त व्हायचं नसेल तर नुसतं नाही म्हणता येतं, त्यासाठी चोरी करावी लागत नाही. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो थोडा नरमला. त्या दिवसाची हकीकत त्याने सांगितली. पहाटे बायांनी मयताला आंघोळ घातली. इसिडोर आणि त्याची बायको ज्युलिया माझगावहून सकाळी आले. इसिडोर म्हणाला, मला आईजवळ एकट्याला बसू द्या. सगळे अंगणात गेले, त्याने दार लोटून घेतलं. पोरगा आहे, रडू दे मनसोक्त, असं सगळ्यांना वाटलं. "रडायला तर ती वेडीच होती दिवसभर," रोनाल्ड म्हणाला. "फादरचं लॅटिन आयकू येईना."

ज्युलिया मला घरीच भेटली. नवरा नोकरीला माझगावला परतला होता आणि ती नणंदेजवळ राहिली होती. मला ती चतुर वाटली, आणि चतुर माणसांचा मला आधी राग येतो. सासूने विचार बदलल्याचं तुम्हाला सांगितलं होतं का, विचारलं. नाही म्हणाली. नवऱ्याने सांगितलं? तो म्हणतो तसं असेल, म्हणाली. सासूच्या हातात तिची नेहमीची काळी माळ मीच गुंफली, मग बाहेर बायांमध्ये जाऊन बसले, इतकंच तिला आठवत होतं. आणि हो, सेराफिना फार रडत होती. काही केल्या गप्प होईना.

फादरही तेच म्हणाले. शेजारची म्हातारीही तेच म्हणाली. मी हात हलवत घराबाहेर पडले, आणि परसाच्या कुंपणाशी येऊन माझे पाय थबकले.

सेराफिना रडत होती हे मला गावातल्या प्रत्येकाने सांगितलं होतं. कशासाठी रडत होती, ते एकानेही सांगितलं नव्हतं.

४

आई मेली म्हणून रडत होती, असं कुणीही म्हणेल. मीही तेच धरून चालले होते. पण आता मी तिच्याकडूनच ऐकायचं ठरवलं.

सेराफिना परसात कोंबड्यांना दाणे टाकत होती. मला बघून ती खुराड्यामागे गेली. मी चपला काढून जमिनीवर बसले. तिने बराच वेळ माझ्याकडे बघितलं, मग दाण्यांचं सूप माझ्या पुढ्यात ठेवलं. मी दाणे टाकू लागले. मी फार टाकले की ती माझा हात धरायची. असं बरंच चाललं, तेव्हा कुठे मी विचारलं, "आईला नेलं त्या दिवशी तू का रडलीस?"

"माजी माळ," ती म्हणाली.

मग तुकड्यातुकड्याने सगळं आलं. आदल्या संध्याकाळी आई बिछान्यावर होती, सेराफिनाने माळ म्हटली आणि पुडक्याला वेढून ट्रंकेत ठेवली, तशी रोज ठेवायची. सकाळी आई उठेना. सेराफिनाला आईसाठी माळ म्हणायची होती. ट्रंकेला कुलूप. "ज्युलिया बोलली, माळ ट्रंकेत हाय. चावी आईच्या गल्यात हाय. थांब बोलली. मी थांबली. सात दिस थांबली. मंग ट्रंक उघडली. नाय."

मी सरळ स्वयंपाकघरात गेले आणि ज्युलियाला विचारलं. हो, ती म्हणाली, असंच बोलले होते, सगळ्यांसमोर. दिवसभर तेच मागत होती, म्हणून समजूत घातली. तिने हे इतक्या सहज सांगितलं की माझा तिच्यावरचा राग तिथल्या तिथे विरला. पुडकं जिच्या हातून गायब झालं असतं, ती बाई गावासमोर त्या माळेची आठवण करून देत बसली नसती.

आदल्या संध्याकाळी पुडकं ट्रंकेत होतं. ब्रिजितबाय त्यानंतर उठलीच नाही. म्हणजे कागद मृत्यूनंतर गेला. मला उत्तर मिळालं होतं, आणि ते कोर्टात सांगण्याची सोय नव्हती. राजाध्यक्ष उठून एकच वाक्य म्हणाले असते, ही मुलगी वेडी आहे. मला असा पुरावा हवा होता, जो वेडा नाही असं कोर्ट मान्य करील.

माळ गेली कुठे? कागद जाळता येतो. काचेचे मणी आणि पितळेचा क्रूस जळत नाहीत. मग मला आठवलं, मयताला नेण्याआधी या लोकांत शेवटचा फोटो काढतात. सगळे नातेवाईक शवपेटीभोवती उभे राहतात.

फोटो काढणारा जयवंत अंधेरी बाजारात बसायचा. त्याने काचेची निगेटिव्ह काढली आणि तिच्यावरून केलेली प्रत मला दाखवली. शवपेटीत ब्रिजितबाय, डोक्याशी इसिडोर, पायाशी रोनाल्ड, आणि कडेला तोंड वेडंवाकडं करून रडणारी सेराफिना. जयवंत म्हणाला, हातांवर फुलांचा ढीग होता, चेहऱ्याइतकेच हात दिसायला हवेत म्हणून त्याने फुलं बाजूला केली. मुलगा उगाच चिडला, राहू द्या म्हणाला. पण तोवर याने बटण दाबलं होतं.

मी भिंगाखाली ब्रिजितबायचे हात बघितले. बोटांत काळी माळ होती. आणि तिच्याखाली, मनगटालगत, दुसरी. पांढऱ्या मण्यांची.

५

रविवारी देवळातली प्रार्थना, मिस्सा, संपल्यावर मी सगळ्यांना ब्रिजितबायच्या घरी बोलावलं. इसिडोर, ज्युलिया, रोनाल्ड आणि फादर. राजाध्यक्षांनाही निरोप धाडला होता, पण ते आले नाहीत. सेराफिना आतल्या दाराशी उभी राहिली.

मी फोटो टेबलावर ठेवला आणि भिंग फादरांच्या हाती दिलं. त्यांनी बघितलं आणि भिंग मुकाट्याने रोनाल्डला दिलं. रोनाल्ड म्हणाला, ही तर सेराफिनाची.

मी ज्युलियाला विचारलं, ही तुम्ही ठेवलीत? ती म्हणाली, मी काळी ठेवली, ही मी आज पहिल्यांदा बघते. रोनाल्डनेही नाही म्हणून मान हलवली. बायांनी आंघोळ घातली तेव्हा ही नव्हती, हे मी शेजारणीकडून आधीच विचारून आले होते.

इसिडोर म्हणाला, "आईने आधीच काढून ठेवली असेल. कुठंतरी पडली असेल. कुणीतरी मायेने ठेवली हातात. त्यात काय?"

मी याच वाक्याची वाट बघत होते.

"माळ घरात मोकळी पडली होती असं धरू," मी म्हटलं. "ज्याला ती सापडली, त्याच्यासमोर तिची मालकीण सकाळपासून तीच माळ मागत रडत होती. अख्खं गाव ऐकत होतं. मायेचं माणूस काय करील? तिच्या हातात देईल. हिने गप्प व्हावं असं तिथं प्रत्येकाला वाटत होतं. असं असताना ती माळ तिला न देता मयताच्या हाताखाली लपवली, वर फुलं घातली. का? कारण ही माळ सेराफिनाच्या हातात दिसली असती, तर प्रत्येकाने विचारलं असतं, ट्रंक कुणी उघडली? तुम्ही शपथेवर म्हणता, ट्रंक उघडलीच नाही. मग ट्रंकेतली माळ शवपेटीत कशी आली?"

मी पुढे बोलत राहिले. चोराला कागद खिशात घालता आला. पण माळेचं काय करायचं? दुसरा कुणी असता तर त्याने ती विहिरीत फेकली असती आणि आज आपण इथं बसलो नसतो. पण हा माणूस याच गावठाणात वाढला होता. फादरांनी आशीर्वाद दिलेली माळ गटारात, विहिरीत, उकिरड्यावर टाकायची नाही, हे त्याला आईनेच शिकवलं होतं. खिशात ठेवावी तर भीती. पवित्र वस्तू जमिनीत पुरलेली चालते. आणि पुरायला तर आई चाललीच होती. चावी तिच्या गळ्यात, ट्रंक त्याच खोलीत. चावी काढून पुन्हा गळ्यात सारायला दार लोटलेलं हवं होतं, एवढंच.

"दार कुणी लोटलं होतं?" मी विचारलं.

ज्युलिया नवऱ्याकडे वळली. तिचा आवाज चढला नाही. "मी हिला सात दिवस थांब म्हणाले," ती म्हणाली. "तू शेजारी बसून ऐकत होतास."

मला वाटतं, माझ्या सगळ्या वकिलीपेक्षा ते वाक्य त्याला जास्त लागलं. इसिडोर खाली बसला. कागद त्याने माझगावला नेऊन जाळला होता. वाचून जाळला होता. "शेवटी माझ्याच पोरांना मिळणार, कळलं मला," तो म्हणाला. "पण कधी? ही म्हातारी होऊन मेल्यावर. आयुष्यभर मी हिचा भाऊ म्हणून हिंडलो. शाळेत पोरं दगड मारायची, मी हिच्यापुढं उभा राहायचो. आईने एकदा तरी मला विचारलं, तुला काय पाहिजे? आणि कागदात विश्वस्त कोण, तर रोनाल्ड."

त्याचं दुःख खोटं नव्हतं. मला त्याची कीवही आली. पण कीव आली म्हणून दुसऱ्याचं घर देता येत नाही, आणि हे मी त्याला तोंडावर सांगितलं. खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल काय होऊ शकतं तेही सांगितलं. मग विचारलं, खरं काय घडलं ते कोर्टात सांगणार का?

त्याने फादरांकडे बघितलं. फादर म्हणाले, "माझ्याकडे नको बघू. तिच्याकडे बघ."

इसिडोरने आतल्या दाराकडे बघायचं टाळलं. पण दुसऱ्या दिवशी तो राजाध्यक्षांकडे गेला आणि त्याने प्रतिज्ञापत्र मागे घेऊन खरं लिहून दिलं.

६

हायकोर्टाने नकलेवर प्रोबेट दिलं. राजाध्यक्ष व्हरांड्यात भेटले तेव्हा म्हणाले, नशीबवान आहात, वसुधाबाई, एक फोटो सापडला. मी म्हटलं, फोटो नंतर सापडला, आधी त्या मुलीला विचारायचं सुचलं, आणि तुम्हाला ते अजूनही सुचलेलं नाही. त्यांनी त्या दिवशी मला चहा पाजला नाही.

रोनाल्ड विश्वस्त व्हायला आपण होऊन आला. इंग्रजी येत नाही म्हणत होता तोच. आता त्याचं म्हणणं होतं की काळ्या कोटवाल्याने विचारलंच तर तो मराठीत सांगेल, आणि नाही समजलं तर ती त्याची अडचण.

विश्वस्तांची पहिली बैठक आम्ही घराच्या ओसरीवर घेतली. कौलं बदलायची की नुसती शाकारायची, यावर रोनाल्ड बोलत होता, तोच फाटकाशी इसिडोर दिसला. सोबत नीट कपड्यांतला एक गृहस्थ होता, कारखान्याकडून आलेला. इसिडोरने मान खाली घालून सांगितलं की चोरी वगैरे काही नाही, हा नुसता विचारायला आला आहे. विश्वस्तांची हरकत नसेल तर जागेच्या बदल्यात सेराफिनाला गावात पक्की, नवी खोली मिळेल. सिमेंटची. नळाची. तिचं भलंच होईल.

त्याने हे सगळं मला आणि रोनाल्डला सांगितलं. गृहस्थानेही आमच्याकडेच बघून मान डोलावली. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. कागदात माझ्याच हातची एक ओळ होती, तिच्या मर्जीविरुद्ध नाही. मग मर्जी तिलाच विचारायला हवी होती.

"मला काय विचारता," मी म्हटलं. "घर जिचं आहे तिला विचारा."

सेराफिना आतून कपबश्यांचं ताट घेऊन आली होती. अनोळखी माणूस बघून ती थबकली. मला वाटलं, ती आता दाराआड जाणार. इसिडोर घुटमळला. मग आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्याने तिला काही विचारलं. "सेरा, हे घर देऊन टाकायचं का? तुला दुसरं मिळेल. नवं."

तिने ताट खाली ठेवलं. एक कप भावाच्या हातात दिला, दुसरा त्या गृहस्थाच्या. मग कमरेवर हात ठेवून दोघांच्या पुढ्यात उभी राहिली.

"नाय," ती म्हणाली. "माजं घर हाय. च्या पी. मंग जा."

रोनाल्डने माझ्याकडे बघितलं, मी कौलांकडे. गृहस्थ काही बोलू पाहत होता, पण इसिडोरने त्याच्या दंडाला धरून त्याला पायरीवर बसवलं. दोघांनी चहा प्यायला. सेराफिना उभी राहून त्यांचे कप रिकामे होण्याची वाट बघत होती, आणि ते रिकामे झाल्यावर तिने ते उचलले आणि धुवायला नेले.